खंजिरी खरी वाजते का, ते विचारा

खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरबद्दल शहरातली जाणकार मंडळी एक गोष्ट इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला शंका काढायचीही चोरी वाटावी. त्यांचं म्हणणं असं : आवाजाचा दर्जा हा तयार कानाचा विषय आहे. ज्याने पन्नास हजारांचा प्लेअर आणि तेवढ्याच किमतीचा हेडफोन वापरलेला नाही, त्याला चांगला आवाज म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे लोक मोबाईलच्या दुकानातून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून आणतात, तिथे या विषयावर बोलण्यात काही अर्थ नाही. तिथल्या माणसाला दणका हवा असतो, तो त्याला मिळतो, विषय संपला.

मला हे मान्य नाही, आणि हे गप्प बसून ऐकून घेण्यासारखंही नाही, कारण त्यातून माणसांचं नुकसान होतं. नव्याने नोकरीला लागलेला पोरगा अशा बोलण्यावर विश्वास ठेवून न परवडणारं यंत्र हप्त्याने घेतो. खेड्यातल्या माणसाला तर हे बोलणं सांगतं की तुझ्या कानाला काही कळत नाही, तेव्हा मिळेल ते ऐक. यातलं दुसरं नुकसान मोठं आहे. आपल्या कानावरचा भरवसा उडाला की माणूस तक्रार करणं सोडतो, आणि तक्रार होत नाही म्हणून खराब झालेल्या फायली वर्षानुवर्षं या कार्डातून त्या कार्डात फिरत राहतात.

पारख म्हणजे तुलना. समोर आलेला आवाज मुळाशी ताडून पाहायचा असेल तर मूळ माहीत असावं लागतं. आता मूळ कोणाला माहीत आहे ते बघू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणून अख्खा विदर्भ जागा केला. त्यांचं जन्मगाव यावली आणि त्यांचा मोझरीचा आश्रम ही दोन्ही अमरावती जिल्ह्यात, पण त्यांची खंजिरी यवतमाळच्या गावागावांत आजही वाजते. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या, एवढंच ते वाद्य. थाप पडली की आधी कातड्याचा ठोका येतो आणि त्याच्या अंगाला लागून चकत्यांची किणकिण उठते. ठोका क्षणात संपतो, किणकिण मात्र विरत जाते. वाजवणाऱ्याने मनगट सैल सोडलं की ती लांबते, आवळलं की तिथल्या तिथे तुटते. भजनाला बसणाऱ्या माणसाने हे हातभर अंतरावरून आयुष्यभर ऐकलेलं असतं. ती किणकिण कशी असते हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. उलट ज्याने सगळं संगीत स्टुडिओत तयार झालेलं, रेकॉर्डिंग म्हणूनच ऐकलं, त्याच्याजवळ ताडून बघायला मूळच नाही. तो एका यंत्राची तुलना दुसऱ्या यंत्राशी करत असतो. म्हणून आवाजाचे परीक्षक मला दारव्हा, घाटंजी, आर्णीच्या भजनी मंडळांत आधी दिसतात आणि महागड्या यंत्रांच्या मालकांत नंतर.

खंजिरीचं नाव मी भावनेच्या भरात घेतलेलं नाही. डिजिटल आवाजाची फसवणूक पकडायला तिच्याइतकं कठोर वाद्य शोधून सापडणार नाही. एमपीथ्री फाईल लहान होते ती काही गोष्टी टाकून देऊन. एका मोठ्या स्वराच्या सावलीत दडलेला बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, हे कानाचं वैशिष्ट्य हेरून ती पद्धत बनवली गेली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं, आणि काम मोठ्या बुद्धीचं आहे. ही पद्धत सलग आवाजाचे तुकडे पाडते. एका तुकड्यात १,१५२ नमुने, म्हणजे सेकंदाचा साधारण अडतिसावा भाग. त्या तुकड्याच्या वाट्याला जितके बिट आले असतील तितक्यांत आतला सगळा आवाज बसवायचा. हार्मोनियमचा लांब धरलेला स्वर थोड्या बिटांत सहज बसतो. खंजिरीची थाप मात्र अचानक येते, आणि चकत्यांच्या किणकिणीत एक ठरावीक स्वर नसतो, वरच्या पट्टीतल्या शेकडो कंपनांची गर्दी असते. ती थोड्या बिटांत मावत नाही. मग कूटलेखन करणारं सॉफ्टवेअर वरची बाजू सरळ कापतं. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांना, बहुतेक वेळा १६ हजार हर्ट्झच्या आसपास कात्री लागते, ६४ ला त्याच्याही बरीच खाली. जे उरतं त्यात चुका शिरतात, आणि त्या चुका त्या तुकड्याच्या लांबीभर पसरतात, कधी कधी थापेच्या आधीही ऐकू येतात. किणकिण जाऊन तिच्या जागी पाण्याखालून आल्यासारखा सळसळाट उरतो. ठोक्याची धार बोथट होते.

कार्ड भरून देणाऱ्याकडची भजनं बहुतेक कशी आलेली असतात? मुळात कॅसेट. तिच्यावरून कोणीतरी केलेली एमपीथ्री. ती इंटरनेटवर व्हिडिओत गेली, तिथे पुन्हा आवळली गेली. व्हिडिओतून आवाज काढून पुन्हा एमपीथ्री झाली. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली. पुन्हा आवळताना दर वेळी थोडं थोडं गळत गेलं, आणि गळलेलं परत येत नाही. अशी फाईल कोणी ३२० केबीपीएसला बदलून दिली तर तिचा आकार वाढतो, आवाज तेवढाच मेलेला राहतो. आता अशी फाईल लाख रुपयांच्या प्लेअरमध्ये घाला. तो ती प्रामाणिकपणे वाजवेल, म्हणजे सळसळाट जसाच्या तसा ऐकवेल. प्लेअर बदलून खंजिरी सुधारत नाही. माझ्या सगळ्या युक्तिवादाचं मूळ इथे आहे : आपल्याकडे आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा फाईलमध्ये आणि इअरफोनमध्ये, आणि खर्च करायचा सल्ला मिळतो तो मधल्या यंत्रावर.

यावर जाणकार म्हणतात, फाईलही आमच्यासारखी घ्या, २४ बिटची, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची. सीडीचा दर्जा आता जुना झाला. हेही तपासून घेऊ. सीडी १९८२ साली बाजारात आली ती सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट हे प्रमाण घेऊन. नमुने घेण्याचं गणित असं सांगतं की सेकंदाला जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येच्या आतला आवाज पुरेपूर परत मिळवता येतो, दोन नमुन्यांच्या मधलं काहीही हरवत नाही. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाच्या कानाची वरची हद्द तरुणपणी २० हजारांच्या आसपास असते आणि वयाबरोबर खाली येत जाते; पन्नाशीच्या माणसाला १५ हजारांचा सूरही बहुधा ऐकू येत नाही. मग ९६ किलोहर्ट्झमधली ४८ हजार हर्ट्झपर्यंतची जागा कोणाच्या कानासाठी? बिटांचंही तेच. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. यवतमाळहून पुसदला निघालेल्या एसटीत इंजिनाच्या आणि खिडक्यांच्या खडखडाटातच पहिले कितीतरी डेसिबल बुडून जातात. रात्रीच्या निवांत खोलीतही ते पूर्ण अंतर कोणी वापरत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी अमेरिकेत केलेला प्रयोग २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. उच्च दर्जाच्या डिस्कवरचा आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या दर्जात उतरवून लोकांना ऐकवला, कुठला कुठला ते न सांगता. ऐकणाऱ्यांत व्यावसायिक रेकॉर्डिंग करणारे होते, महागड्या यंत्रसामग्रीचे शौकीनही होते. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे निम्मे, नाणं उडवून येतात तितके. जोशुआ राइस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांचं एकत्र गणित मांडलं तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते निम्म्यापेक्षा जास्त आहे, शिकवून तयार केलेल्या कानांना ते बरंच अधिक साधतं, हेही त्यात आहे, आणि मी ते लपवणार नाही. पण जमीन-अस्मानाचा फरक असल्याचं सांगून जे विकलं जातं, त्याची कसून घेतलेली परीक्षा सगळे मिळून शंभरात दोन-तीन उत्तरांचा फरक दाखवते. ६४ केबीपीएसची खंजिरी आणि मूळ रेकॉर्डिंग यांतला फरक भजनातला कोणताही माणूस पहिल्या थापेला सांगेल. कुठला फरक आधी मिटवायचा, हे ठरवायला फार विचार लागू नये.

या दाव्यांवर चाललेल्या व्यापाराकडेही पाहायला हवं. गायक नील यंग यांनी २०१४ साली पोनो नावाच्या प्लेअरसाठी लोकांकडून बासष्ट लाख डॉलर गोळा केले. एमपीथ्रीने हिरावलेला संगीताचा आत्मा परत आणायचं आश्वासन होतं, यंत्राची किंमत ३९९ डॉलर. थोड्याच वर्षांत ते दुकान बंद झालं. सोनीने २०१५ साली ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड साडेअठरा हजार येनला आणलं, आवाज अधिक चांगला येतो असं सांगून. साध्या कार्डाच्या कितीतरी पट किंमत. त्याच कंपनीने २०१६ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या अंगाचा वॉकमन आणला, अमेरिकेत त्याची किंमत ३,२०० डॉलर होती. कार्डावरचे आकडे साध्या कार्डावरून आणि महाग कार्डावरून एकसारखेच वाचले जातात, एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. विजेची बारीक खरखर कमी होते असा दावा असेल तर ती खरखर इअरफोनच्या छिद्राशी मोजता आली पाहिजे आणि डोळे झाकून ऐकता आली पाहिजे. हा दाखला मागण्याचा अधिकार प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. तो मागणाऱ्याला 'तुमचा कान तयार नाही' असं सांगणं म्हणजे पुरावा देण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर ढकलणं.

महाग यंत्राचा मालक खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला फरक खरोखरच ऐकू येतो. यंत्राचं वजन, चकाकी, किंमत, वाचलेलं कौतुक हे सगळं ऐकण्यात मिसळतं, आणि ते मिसळल्याचं कोणालाही कळत नाही, मलाही नाही. म्हणून तर डोळे झाकायचे. आणि डोळे झाकण्याआधी आवाजाची पातळी सारखी करायची, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्जाची बाजू कमी ऐकू येते, आवाज वाढवला की ती भरते. त्यामुळे दोन यंत्रांपैकी जे जरा मोठ्याने वाजतं ते अधिक भरदार, अधिक मोकळं, अधिक जिवंत वाटतं. अर्ध्या डेसिबलचा फरक कोणालाही 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'चांगला' म्हणून जाणवतो.

ही परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराकडे मल्टिमीटर असतो. दोन व्होल्टपर्यंतची एसी पट्टी असलेला घ्यावा. दोन्ही प्लेअरमध्ये १०० हर्ट्झच्या एकसलग सुराची एकच फाईल टाकायची. शंभरचाच सूर अशासाठी की साधा मल्टिमीटर घरातली ५० हर्ट्झची वीज मोजायला बनवलेला असतो, वरच्या सुरांवर तो चुकतो. इअरफोन जोडलेलाच ठेवून, दोन तोंडांच्या वायरमधून मीटर लावायचा आणि दोन्हींचं व्होल्टेज जुळेपर्यंत आवाज कमी-जास्त करायचा. शंभराला दोनच्या आत जुळलं की फरक ०.२ डेसिबलच्या आत आला. मग एकाने पाठीमागे बसून यंत्रं बदलायची, दुसऱ्याने तोच इअरफोन, तीच खंजिरी, तेच कडवं ऐकून सांगायचं, कुठलं यंत्र आहे ते. बदलणाऱ्याने आपली अक्कल लावायची नाही, नाणं उडवून ठरवायचं. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं तर फरक आहे असं मानायला हरकत नाही, कारण नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात एक आहे. सहा-सात बरोबर आली तर पैसे खिशातच ठेवावेत. महाग यंत्राचं गुणगान करणाऱ्या कोणालाही मी एवढंच विचारतो : ही परीक्षा केली का? आजवर बहुतेकांकडून नाही असंच उत्तर आलं आहे.

दुकानातली पारख याच्या नेमकी उलट चालते. यवतमाळच्या मेन लाईनमध्ये कुठल्याही दुकानात उभं राहा.

"बेस पाहा ना भाऊ, छातीत धडधड करते का नाही?"

"थोडा हळू करून दाखवा ना."

"हळू कायले? हळू तं सगळेच वाजतेत."

यात दुकानदाराचा दोष थोडा आहे. त्याला शेजारच्या दुकानाच्या वरताण वाजवावं लागतं. खोक्यावर 'पीएमपीओ' वॅटचा हजारांतला आकडा छापणाऱ्याचा दोष जास्त. त्या आकड्याची सर्वमान्य व्याख्याच नाही. पाच व्होल्ट, एक अँपिअरच्या चार्जरवर चालणारं यंत्र पाच वॅट वीज घेतं, त्यातून शेकडो वॅट सतत निघूच शकत नाहीत. पण मला दिसतं ते असं की शहरी जाणकाराचा १९२ आणि बाजारातल्या खोक्यावरचा पाच हजार हे एकाच जातीचे आकडे आहेत. दोन्ही गिऱ्हाइकाला कान बाजूला ठेवून आकडा विकत घ्यायला लावतात. आणि त्या गिऱ्हाइकाने साधी मागणी केलेली होती, हळू वाजवून दाखवा. हळू आवाजात शब्द स्पष्ट येतो का, यंत्राची स्वतःची सूं ऐकू येते का, डावी-उजवी बाजू सारखी आहे का, हे सगळं कळतं. ती मागणी करणारा माणूस मला त्या दुकानातला सगळ्यात जाणकार माणूस वाटतो.

आता तिसऱ्या बाजूने येणारा आक्षेप. तो प्रेमाने येतो आणि म्हणून खोडायला अवघड आहे. माणसं म्हणतात, एवढा काथ्याकूट कशाला? गीतरामायण सगळ्या महाराष्ट्राने साध्या रेडिओवर ऐकलं आणि डोळे पुसले. खरं आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ती ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या संगीतात प्रसारित झाली. त्याच ग. दि. माडगूळकरांना यवतमाळने १९७३ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून पाहिलं, तेव्हा या शहराला त्या गीतांचं मोल कोणी सांगायला नको. मध्यम लहरींवर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरी पोचतही नसे. तरी गाणं पोचलं. मग आवाजाचा दर्जा ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट ठरत नाही का?

नाही ठरत. मध्यम लहरी वरची बाजू कापत होत्या, पण माणसाचा गळा ज्या पट्टीत बोलतो ती पट्टी त्यांनी बव्हंशी सोडून दिली होती. शब्द शाबूत होता, दोन शब्दांमधला श्वास शाबूत होता. शिवाय ती त्या काळच्या तंत्राची हद्द होती, तिच्या पलीकडचं घरोघरी पोचवणं कोणालाच शक्य नव्हतं. पुन्हा पुन्हा आवळलेली फाईल पट्टीच्या आतला आवाजच कुरतडते, 'स' आणि 'श' चिरडते, तंबोऱ्याची गुंज तुटक करते. आणि हे आज कुठल्याही नाइलाजाने होत नाही, केवळ कोणी विचारत नाही म्हणून होतं. आवडनिवड जरूर असावी. कोणाला खर्ज वाढवून ऐकायचा असेल तर त्याने खुशाल वाढवावा, ती त्याची मर्जी. पण खंजिरीच्या चकत्या मुळासारख्या वाजतात की नाही, हा मर्जीचा प्रश्न नाही. त्याला होय किंवा नाही असंच उत्तर आहे.

प्लेअर-प्लेअरमध्ये फरकच नसतो, असं माझं म्हणणं नाही. फरक असतो, फक्त तो जिथे सांगितला जातो तिथे नसतो. स्वस्तातल्या काही यंत्रांना सूं असते. नाजूक इअरफोन कानात घालून काहीही न वाजवता ऐकलं की ती कळते. काहींमध्ये आवाज अगदी कमी केला की एक बाजू आधी गप्प होते. काहींच्या बाहेर पडण्याच्या वाटेलाच विजेचा अडथळा जास्त असतो. इअरफोनचा अडथळा त्याच्या किमान आठपट असावा असा सर्वसाधारण नियम आहे. तो पाळला गेला नाही तर काही इअरफोनचा खर्ज आणि वरची बाजू खरोखर बदलते, आणि हा बदल झाकल्या डोळ्यांनीही ओळखू येतो. ३०० ओहमचे मोठे हेडफोन दमदार यंत्राशिवाय पुरेसे वाजतच नाहीत. एवढी पथ्यं सांभाळणारं यंत्र आज फार महाग मिळत नाही. पुष्कळशा साध्या मोबाईलमध्ये आणि त्याला जोडायच्या छोट्या डोंगलमध्येही ती सांभाळलेली असतात. त्याच्यापुढे यंत्रावर घातलेला रुपया कानापर्यंत पोचत नाही.

तो इअरफोनवर घालावा. आवाज घडवण्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा, आणि त्यातही कानात तो नीट बसण्याचा. रबरी टोपी एक माप लहान पडली, फट राहिली, की खर्ज गळून जातो. मग माणूस तो भरून काढायला आवाज वाढवत नेतो. खोक्यात तीन मापांच्या टोप्या दिलेल्या असतात, त्या बदलून पाहण्यासाठीच. नीट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाटही थोपवतो, म्हणजे एसटीत कमी आवाजात भागतं. हे कानाच्या आरोग्याचंही आहे. आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबलच्या वर जाऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दणक्यालाच दर्जा समजणारी पारख माणसाला या रेषेपलीकडे ढकलते, आणि गेलेलं ऐकणं परत मिळत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार या चर्चेत कोणीच करत नाही. सारेगामाचं कारवां २०१७ साली आलं, पाच हजार गाणी आधीच भरलेलं, बटण फिरवलं की चालू. त्याची मराठी गाण्यांची आवृत्तीही निघाली. अंगणात खाटेवर पडून जुनी भावगीतं ऐकणाऱ्या आजीसाठी ते बनवलं गेलं. जाणकारांनी तसल्या यंत्राला नाक मुरडलं. पण सत्तरीच्या कानाला आठ हजार हर्ट्झच्या वरचं जेमतेम ऐकू येतं, आणि कारवांमधली बरीच गाणी मुळात ज्या काळात ध्वनिमुद्रित झाली त्या काळच्या मुद्रणातच वरची बाजू थोडकी होती. त्या आजीसाठी दर्जाची कसोटी एकच : पंखा चालू असताना, आवाज चढवला नसताना, गाण्याचा प्रत्येक शब्द तिच्यापर्यंत पोचतो का. पोचत असेल तर ते यंत्र तिच्यासाठी चांगलं. तिला ९६ किलोहर्ट्झचं महत्त्व पटवणं हा सरळ अन्याय आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती. हिंदी सिनेमाचं गाणं खराब फाईलमध्ये ऐकलं तरी फार बिघडत नाही. मूळ कंपनीच्या तिजोरीत आहे, उद्या चांगलं मिळेल. आपल्या भजनी मंडळांचं तसं नाही. झरी-जामणी, केळापूरकडच्या कोलाम आणि गोंडांच्या गाण्यांचं तसं नाही, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर होळीला म्हटल्या जाणाऱ्या लेंगी गीतांचं तसं नाही. ती गावातल्याच कोणीतरी मोबाईलवर मुद्रित केली, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, जागा हवी म्हणून मूळ फाईल पुसली. म्हणणारा म्हातारा वारला. आता जगात त्या आवाजाची एकच प्रत उरते, आणि ती सळसळणारी. 'यांना कुठे दर्जा कळतो' हे बोलणं इथे येऊन पोचतं. ज्यांना वारंवार सांगितलं गेलं की चांगला आवाज ही तुमची गोष्ट नाही, त्यांनी आपला आवाज नीट जपून का ठेवावा?

जपणं महाग नाही. मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये एमपीथ्री किंवा एएमआरऐवजी वेव्ह निवडायचं, तो पर्याय नसेल तर तो देणारं फुकटचं ॲप घ्यायचं. सीडीच्या दर्जाचं तासभराचं मुद्रण सुमारे ६३५ एमबी होतं. ३२ जीबीच्या साध्या कार्डात असे पन्नास तास बसतात, आणि फ्लॅकमध्ये बदललं तर एक बिटही न गमावता त्याहून बरेच जास्त. मोबाईल खंजिरीच्या तोंडाशी धरायचा नाही, दोन-तीन हात लांब आणि जरा बाजूला ठेवायचा, म्हणजे थापेला माइक फाटत नाही. पंखा बंद करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची ती वेगळी, लहान प्रत; मूळ फाईल दोन ठिकाणी, दोन माणसांकडे, म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहून. कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारालाही हेच सांगणं आहे : मंडळाची मूळ फाईल मागून घ्या, व्हिडिओतून उपसलेली भरू नका, आणि गिऱ्हाइकाला भरण्याआधी अर्धा मिनिट ऐकवा, हळू आवाजात, त्याच्याच इअरफोनवर.